मी आजारी होतो याचा दाखला

या, असे पुढे या. मागे भिंतीला टेकून बसू नका. टेकून बसलेला श्रोता गोष्ट ऐन रंगात आली की डुलकी काढतो, आणि मग दचकून उठून शेजाऱ्याला विचारतो, "कोण गेलं?" या गोष्टीत कोणी जात नाही, हे आधीच सांगून टाकतो. जाते ती एका माणसाची अब्रू, आणि तो माणूस मी. तेव्हा निवांत बसा. सगळं सांगतो, हातचं काही राखत नाही.

महासाथीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. माझी थोरली बहीण, ताई, परदेशात एकटी राहते. भावजी गेले, आणि त्यानंतर दोन वर्षांत तिचा खुबा गेला. चालणं बंद, खुर्चीत बसून दिवस काढायचा. ऑपरेशनची तारीख मिळाली अठरा. पण तिथल्या रुग्णालयाची अट अशी, की ऑपरेशननंतर घरी सांभाळायला जे माणूस राहणार, त्याने सोळा तारखेला स्वतः हजर होऊन सही करायची. सही नाही तर तारीख दुसऱ्याला, आणि पुढची तारीख सात महिन्यांनी. ताई फोनवर म्हणाली, "तू येच असं म्हणत नाही हं मी. जमलं तर ये. नाहीतर आहेच मी खुर्चीत. खुर्ची तशी चांगली आहे."

आई गेल्यावर जिने मला घास भरवून वाढवलं, तिने 'खुर्ची चांगली आहे' म्हणावं? मी त्याच दिवशी पंधरा तारखेचं दुपारी तीनचं विमान ठरवलं.

विमानाला एक नियम होता. प्रवासाआधी बहात्तर तासांत तपासणी, आणि ती निगेटिव्ह. आता नियम म्हटल्यावर मी घाबरायचं काही कारण नव्हतं. आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. महासाथ आल्यापासून मी एकट्याने एकशे सदतीस सूचना फळ्यावर लावल्या होत्या. लिफ्टमध्ये दोघांनी जावे. लिफ्टमध्ये एकानेच जावे. लिफ्टमध्ये कोणी जाऊ नये. लिफ्टमध्ये जावे, पण बटण काडीने दाबावे. काडी परत आणावी. काडी परत आणू नये. लोक फळ्यासमोर उभे राहून माझ्या सूचना वाचायचे आणि एकमेकांकडे बघायचे. मला वाटायचं, कौतुकाने बघतात. आमची ही म्हणायची, "ह्यांना कोरा कागद दिसला की बंदीच सुचते."

तर मी तक्ता आखायला घेतला. पहिलीच शंका: बहात्तर तास मोजायचे कुठून? विमान कंपनीच्या संकेतस्थळावर होतं, विमान सुटण्याच्या आधीचे. त्या देशाच्या संकेतस्थळावर होतं, तिथे उतरण्याच्या आधीचे. मदतकेंद्राला फोन केला, तर पाऊण तास संगीत ऐकवून एक बाई म्हणाली, "रिपोर्ट हातात आल्यापासून." मी म्हटलं, "तुमच्यात हे तीन प्रकार कसे?" ती म्हणाली, "तीन नाहीत सर, चार आहेत. पण चौथा उद्यापासून लागू." मी नम्रपणे फोन ठेवला. माझ्या फळ्यावरसुद्धा एका वेळी दोनच परस्परविरोधी सूचना असत.

चार रंगांच्या पेन्सिली घेऊन दोन दिवस बसलो, आणि सगळ्या नियमांत बसेल अशी वेळ काढली: तेरा तारीख, सकाळी नऊ ते सव्वाअकरा. तक्ता भिंतीला लावला. लांबून बघितला, जवळून बघितला. हिला म्हटलं, "बघ, शास्त्र आहे."

"शास्त्र असेल," ही म्हणाली, "पण आज पाणी भरायचं राहिलं."

इथेच मी थांबलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण आमच्या वरच्या मजल्यावर एक जावईवाले काका आहेत. त्यांना स्वतःला काही अनुभव नाही. जे काही होतं ते त्यांच्या जावयांना होतं. जिन्यात सहा फुटांवरून त्यांनी मला अडवलं.

"तपासणीची तालीम केलीत का?"

"तालीम?"

"अहो, आमच्या जावयांनी केली होती. लॅबवाले नाव चुकवतात, जन्मतारीख चुकवतात. ऐन वेळी कुठे धावणार? आठवडाभर आधी एक करून ठेवायची. रंगीत तालीमच म्हणा ना."

मला ते इतकं पटलं की हे आपल्यालाच कसं सुचलं नाही म्हणून चुटपुट लागली. सहा तारखेला गेलो. एका मुलीने नाकात काडी घालून मेंदूची विचारपूस केली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. नाव अचूक होतं. जन्मतारीख अचूक होती. पासपोर्टचा आकडासुद्धा अचूक. पॉझिटिव्ह.

पाठोपाठ वॉर्ड ऑफिसचा संदेश: आपण आजारी आहात. वीस तारखेपर्यंत घराबाहेर पडू नये.

वीस! सही सोळाला, ऑपरेशन अठराला. मला ताप नव्हता, खोकला नव्हता, दोन्ही वेळा जेवण चोख होतं. मी खुर्चीत बसलो. खुर्ची अजिबात चांगली नव्हती.

आता मला तुम्हाला एक गोष्ट सांगावी लागणार. मघाशी हातचं राखणार नाही म्हटलं खरं, पण हे तेवढं राखलं होतं.

पाच आठवड्यांपूर्वी मी खरंच आजारी पडलो होतो. ताप, खोकला, वास गेलेला, सगळं यथासांग. हिने दुकानातून घरी करायची तपासणी आणली, तिच्यावर दोन रेघा उठल्या. आणि दोन रेघा बघताच माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली माझीच सूचना क्रमांक एकोणचाळीस: आजारी कुटुंबाच्या दारावर लाल पट्टी लावण्यात येईल. पट्टी कोण लावणार? सेक्रेटरी. म्हणजे मीच माझ्या दाराला पट्टी लावून, मीच आत जाऊन बसायचं, आणि चोवीस बिऱ्हाडांनी म्हणायचं, काड्या परत आणवून घेणारा शेवटी पडला ना आजारी! नाही सोसवलं. मी हिला म्हटलं, "कळवू नकोस. सांग की मी मौनात आहे."

"कशात?"

"मौनात. चौदा दिवस एकांत, नामस्मरण. कोणी दार वाजवू नये."

ही माझ्याकडे बघत राहिली. "खोटं बोलायचं तर तुम्ही बोला. मी फक्त दार लावते." पण मौनातला माणूस बोलणार कसा? शेवटी मी एक चिठ्ठी लिहून दाराबाहेर लावली. सूचना क्रमांक एकशे बारा.

देवाच्या नावाने खोटं बोललो, हे मला माहीत होतं. चौदा दिवस फोनवर कीर्तनं ऐकत पडलो. बुवा दंभाचं निरूपण करू लागले की मी आवाज कमी करायचो. बाहेर मात्र भलतंच चाललं होतं. दारापुढून जाताना लोक चपलांचा आवाज करीनासे झाले. उंबऱ्यावर फुलं यायला लागली. पंधराव्या दिवशी मी पाच किलो वजन घटवून, खोल गेलेल्या डोळ्यांनी बाहेर आलो, तर आमचे चेअरमन हात जोडून म्हणाले, "चेहऱ्यावर तेज आलंय हो!" मी खोकला दाबून मंद हसलो. लोकांना तेही फार आवडलं.

तर असा मी, पाच आठवड्यांनी ठणठणीत, आणि कागदोपत्री आजारी.

आमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांना खरं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे ते मौन नव्हतं?"

"नव्हतं."

"मी चार पेशंटना तुमचं उदाहरण दिलंय हो." मग त्यांनी उसासा टाकून समजावलं, की बरं झाल्यावरही कधीकधी महिना-दोन महिने मेलेल्या विषाणूंची टरफलं नाकात राहतात आणि तपासणीत दिसतात. काळजी नाही, कोणाला बाधणार नाहीत. तसं पत्रही देतो म्हणाले. "पण तुम्ही आधी आजारी होता, याला पुरावा काय? तेव्हा मला का नाही कळवलंत?"

काय सांगणार? तेव्हा सगळ्या सोसायटीने मला आजारी समजू नये म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. आता कोणीतरी मला आजारी समजावं म्हणून दारोदार हिंडायची पाळी आली होती, आणि हिंडायलाही बंदी.

पुन्हा मदतकेंद्र. पुन्हा संगीत; एव्हाना मी त्याच्यावर ठेका धरायला लागलो होतो. बाई म्हणाली, आजारातून अकरा दिवसांच्या वर आणि नव्वद दिवसांच्या आत बरे झालेल्यांना तपासणी माफ. मी आनंदाने उभा राहिलो. त्यावेळचा लॅबचा रिपोर्ट जोडावा. मी बसलो. घरच्या तपासणीच्या दोन रेघा चालणार नाहीत. मी आडवा झालो. नाहीतरी त्या दोन रेघा हिने चार पिशव्यांत गुंडाळून कधीच फेकल्या होत्या, सूचना क्रमांक चौऱ्याऐंशीनुसार.

दहा तारखेला नियम बदलला. हा एकच बदल माझ्या बाजूने झाला, म्हणून मी तो तीनदा वाचला. घरच्या तपासणीवर विसंबून बरे झालेल्यांना मान्यता मिळेल. मात्र अर्जदार त्या काळात आजारी असून घरात वेगळा राहिला होता, असा सोसायटीचा ठराव हवा, आणि नात्याबाहेरच्या एका शेजाऱ्याची स्वहस्ताक्षरातली साक्ष हवी. ठरावावर सेक्रेटरीची सही चालेल; सेक्रेटरी स्वतःच अर्जदार असल्यास चालणार नाही. ही शेवटची अट वाचून माझ्या मनात त्या अनोळखी अधिकाऱ्याविषयी आदर दाटून आला. असलं कलम मीच लिहू शकलो असतो.

"सभा बोलवा," ही म्हणाली.

"आणि काय सांगू?"

"खरं. बऱ्याच दिवसांत बोलला नाहीत, जड जाईल थोडं."

अकरा तारखेला संध्याकाळी पाच वाजता सभा भरली. खाली अंगणात, खुर्च्या सहा-सहा फुटांवर, माझाच नियम. मला घराबाहेर पडायची बंदी, म्हणून मी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. म्हणजे जी गोष्ट माणूस एखाद्याच्या कानात कुजबुजून सांगेल, ती मला दोन मजले खाली ओरडून सांगायची होती. समोरच्या इमारतीतले लोकही आपापल्या गॅलऱ्यांत येऊन उभे राहिले. एका बाईंनी तर वाळत घातलेली चादर बाजूला केली.

"मित्रहो," मी म्हटलं, "मी मौनात नव्हतो!"

"ऐकू येत नाही!" मागच्या खुर्चीवरून.

"मौनात नव्हतो! आजारी होतो!"

"कोण आजारी?"

"मी! मी खोटं बोललो!" हे मात्र समोरच्या इमारतीच्या गच्चीपर्यंत पोचलं.

खाली चेअरमन हळूहळू उठले. गेले पाच आठवडे ते दर गुरुवारी मौन पाळत होते, माझ्यावरून स्फूर्ती घेऊन. त्यांच्या घरचे फार खूश होते. चेहरा पडलेला, आवाज कातर. "मग माझे पाच गुरुवार?"

"ते तुमचे खरेच आहेत," मी वरून म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

पहिल्या मजल्यावरचे वकील उठले. "मुद्दा सरळ आहे. सेक्रेटरीसाहेब म्हणतात, तेव्हा खोटं बोललो, आता खरं बोलतो. पण तेव्हा त्यांना दाराची पट्टी चुकवायची होती आणि आता विमान चुकवायचं नाहीये. खोटं बोलायचं कारण दोन्हीकडे सारखंच. मग आपण कुठल्यावर विश्वास ठेवायचा?"

एकदम गलका झाला. जावईवाले काका म्हणाले, त्यांच्या जावयांचा मौनावरच विश्वास आहे. एक आजी म्हणाल्या, "अहो, मी फुलं ठेवली होती. वास गेलेल्या माणसाला कशाला ठेवीन?" कोणी म्हणालं, बिचारा बहिणीसाठी स्वतःच्या साधनेला खोटं म्हणतोय, केवढा त्याग! मी वरून हात जोडून ओरडत होतो, की मी थोर नाही, मी साधा लबाड माणूस आहे. आणि जितका ओरडावा तितका खाली माझ्याविषयी आदर वाढत होता. बहात्तर तासांचा हिशेब जमला होता, पण हे जमेना. वकिलांनी घड्याळ बघितलं. "साक्षीदार असेल तर बोला. नसेल तर ठराव नाही."

मला खुर्चीतली ताई दिसली.

"मी आहे साक्षीला."

आवाज खालून आला नव्हता. माझ्या डाव्या हाताला, अगदी लगतच्या गॅलरीतून आला होता. शिंपीणबाई.

आता या बाई कोण, ते सांगायला हवं, आणि मला खाली मान घालून सांगायला हवं. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. बाई शिवणकाम करतात; घरात त्या आणि त्यांची अंथरुणाला खिळलेली सासू. आमच्या इमारतीत साथ पहिल्यांदा त्यांच्या घरात आली. त्यांच्या दारावर पट्टी मी लावली. सरकारने चौदा दिवस सांगितले होते, मी वर तीन वाढवले, खबरदारी म्हणून. त्या सतरा दिवसांत बाईंनी आत बसून साऱ्या इमारतीसाठी मास्क शिवले आणि दोरीला बांधून खाली सोडले. ते चोवीस तास उन्हात ठेवल्याशिवाय कोणी घेऊ नयेत, अशी सूचना मी काढली. आभाराची काढायची राहून गेली.

"भाऊ आजारी होते," बाई खालच्या लोकांना म्हणाल्या. त्यांना ओरडायची सवय नव्हती, पण सगळे ऐकत होते. "मी ऐकलंय. मधे भिंतच आहे."

वकील म्हणाले, "मग तेव्हाच का नाही कळवलंत? नियम होता तसा."

"होता ना. मला नाही तर कोणाला माहीत!" खाली दोघं-तिघं हसले. बाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "पट्टी लागली की दळण, दूध, औषध, सगळ्यांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. वहिनी एकट्या होत्या. म्हटलं, त्यांना जायला-यायला मोकळं असू दे. कोणाच्या जवळ जात नव्हत्या त्या, मी बघत होते."

यावर कोणीच काही बोललं नाही. मी तर नाहीच. आयुष्यात मी खरं मौन पाळलं ते तेवढंच, मिनिटभराचं.

ठराव एकमताने झाला. साक्ष स्वहस्ताक्षरात हवी, म्हणून बाईंनी तिथेच गॅलरीच्या कठड्यावर कागद ठेवून लिहिली, घडी घातली आणि मापाच्या लाकडी पट्टीच्या टोकाला चिमटा लावून माझ्यापर्यंत पोचवली. पट्टी तीन फुटांची होती. अंतराच्या नियमात बसत नव्हतं, पण मी काही बोललो नाही. कागदपत्रं गेली. चौदा तारखेला वॉर्ड ऑफिसचा संदेश आला: आपण बरे आहात.

पंधराला विमानतळावर पोचलो. हातात फाइल: ठराव, साक्ष, डॉक्टरांचं पत्र, प्रत्येकाच्या तीन प्रती आणि तक्ता. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतला, तिकीट घेतलं, आणि फाइल न उघडताच परत सरकवली.

"हे नको, काका. आज सकाळी आठपासून सगळ्या अटी काढल्या."

"काढल्या म्हणजे?"

"म्हणजे काहीच लागत नाही आता. सामान ठेवा."

मी सामान ठेवलं नाही. तुम्ही म्हणाल, अहो, सुटलात ना, मग चला की! पण दोन इमारतींसमोर मी स्वतःला लबाड म्हणून घेतलं होतं. चेअरमनचे पाच गुरुवार बुडवले होते. आणि हा कागद कोणीच बघणार नाही? "वाचा तरी," मी म्हटलं. "वाचावा लागेल तुम्हाला." मागे रांग चुळबुळायला लागली. मुलीने माझ्याकडे बघितलं, आणि मला समजावण्यापेक्षा वाचणं सोपं, असं ठरवून तिने नेमकी शिंपीणबाईंची साक्ष उघडली. मी घाईत ती वाचलीच नव्हती. शिक्के तेवढे मोजले होते. ती वाचू लागली, अर्धवट मोठ्याने:

"शेजारचे भाऊ मागच्या महिन्यात बारा दिवस आजारी होते. मला भिंतीतून खोकला ऐकू यायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी फार होता. मशीनच्या आवाजात नीट ऐकू येत नाही, म्हणून मी ते दोन दिवस मशीन बंद ठेवलं. मधे खोकला थांबला की मी भिंतीला कान लावायची. परत आला की बरं वाटायचं. मग हळूहळू कमी झाला, तेव्हा मी काम सुरू केलं. हे खरं आहे."

मुलीने कागदाची घडी घातली, होती तशीच, आणि दोन्ही हातांनी मला परत दिली.

"या बाई तुमच्या कोण?" तिने विचारलं.

नियमाप्रमाणे साक्षीदार नात्यातला नको होता. "कोणी नाही," मी म्हटलं, आणि सामान ठेवलं.

माझी सही सोळाला झाली, ताईचं ऑपरेशन अठराला झालं. मी तिथे होतो तेव्हाच ती काठी टेकत खिडकीपर्यंत जायला लागली; मी मागून हात पसरून चालायचो, तर म्हणायची, "तू बाजूला हो रे, तूच पडशील." तिचं चांगलं चाललंय. तिची काळजी नको.

तुमच्याकडे मागणं आहे ते वेगळंच. सांजवेळी देवापुढे दिवा लावाल, घरच्यांची नावं घ्याल, लेकी-सुनांची, नातवंडांची घ्याल. ती सगळी घेऊन झाली की हात लगेच खाली सोडू नका. भिंतीपलीकडच्या एका बाईंना आठवा. नाव नाही घेतलंत तरी चालेल. देवाला पत्ता माहीत आहे.